घंटा अजून पोचली नाही

याइझू, २ सप्टेंबर

तोमो,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं काहीतरी लिहायचं असतं. किडे गाऊ लागले, वारा बदलला, तुमची प्रकृती कशी आहे वगैरे. ते मला येत नाही आणि तुझी तेवढी लायकीही नाही. तोक्योतही किडे असतीलच, ऐकून घे.

अकरा वर्षांनी लिहितेय म्हणून हुरळून जाऊ नकोस. समेट करायला लिहीत नाही. तुझा फोन लागत नाही म्हणून कागद घ्यावा लागला. एकच प्रश्न आहे. कार्डाच्या मागे दोन शब्द लिहून टाकलेस तरी चालेल.

परवाच्या रविवारी तुझं नाव लागलं होतं का?

इकडे वादळ होतं. टीव्हीवाल्यांनी नेहमीप्रमाणे चित्र आकसवून कोपऱ्यात सारलं आणि डावीकडे, खाली ती निळी पट्टी लावली. कुठली गाडी बंद, कुठल्या गावाने शाळेत मुक्कामाला जायचं. पट्टीतली अक्षरं रानडुकराएवढी आणि तुमच्या त्या घंटेच्या कार्टूनची शेवटची नावं मुंगीच्या पायाएवढी. आई पडद्याला नाक लावून बसली होती. तिचे डोळे निम्मे गेलेत. कान मात्र मांजरीचे आहेत, मी जिन्यात पुटपुटले तरी वरून उत्तर येतं.

"पोराचं नाव गेलं नाही," म्हणाली.

"गेलं," मी म्हटलं.

"कुवाबारानंतर?"

"कुवाबारानंतर."

कोण हा कुवाबारा, मला काय माहीत. पण आईला तुमची ती नावांची यादी आळीतल्या घरांसारखी पाठ आहे. आधी कुवाबारा, मग आपला मुरामात्सु तोमोहारु, मग ती मियादेरा. दर रविवारी ही तिघं दारासमोरून जातात आणि आई मान हलवून त्यांना रामराम करते. म्हणून विचारलं. वादळामुळे दिसलं नाही, एवढंच लिहून पाठव, म्हणजे माझी सुटका.

आणि मी ते कार्टून बघते असं समजू नकोस. आईजवळ बसावं लागतं म्हणून डोळ्यांपुढून जातं. एक पोर देवळाची घंटा पाठीवर घेऊन बेटावर पोचवायला निघालं, त्याला एकवीस वर्षं झाली. आमच्या आळीतून निघालेली पोरं तेवढ्यात लग्न करून, फारकत घेऊन परत आली. त्याला रागवायला दोन रविवार लागतात, हात उगारायला तिसरा, आणि हात खाली येईपर्यंत आमच्याकडे ऋतू बदलतो. आधी गाणं. मग गेल्या रविवारी काय झालं ते. मग समोरचा मनात काय म्हणतोय ते. मग याच्या मनात काय आलं ते. मग पुन्हा गाणं. शेवया खायला बसले, तर उचललेली शेवई तोंडात जायच्या आत त्याला लहानपण आठवतं.

धुरीघरात माझ्याबरोबर मिसोरा म्हणून पोरगी आहे, केस पिवळे केलेली. ती म्हणते, "किनुएताई, पहिले चारशे भाग नेटाने बघा, मग खरी मजा येते."

मी म्हटलं, "चारशे भाग नेटाने? एवढा नेट धरला असता तर माझं लग्न टिकलं असतं."

तर दात काढून म्हणते, "तुम्ही एक कुपा मासा सहा महिने धुरात ठेवता, वाळवता, बुरशी आणता, पुन्हा वाळवता, आणि वेळेचं मला सांगता?"

"मासा शेवटी साराला लागतो," मी म्हटलं. "तुझी घंटा कशाला लागते?"

दोन शब्द पाठव.

किनुए


याइझू, ९ सप्टेंबर

तोमो,

कार्ड आलं नाही. बोटं झडली का?

या रविवारी आभाळ साफ होतं. पट्टी नव्हती, चित्र भिंतभर. आणि तुझं नाव नव्हतं.

मी तरी मोठ्याने वाचलं. "मुरामात्सु तोमोहारु," असं अगदी पोस्टमनसारखं. मला निम्मी अक्षरं येत नाहीत हे आईला माहीत आहे, पण आपलं आडनाव तरी येईलच की. नंतर आई म्हणाली, "कुवाबाराला लागून मियादेरा आली. मध्ये आपलं घर होतं."

असं म्हणाली बघ. आपलं घर.

आता पुढचं नीट वाच. तुझं ताट अजून मांडलं जातं. तुला वाटलं असेल, बाबांच्या बोटीबरोबर ते संपलं. बाबा मासेमारीला वर्ष-दीड वर्ष दक्षिणेच्या समुद्रात जायचे तेव्हा आई त्यांचं ताट मांडायची, आठवतं ना? भात, मासा, झाकणाच्या वाटीत सार. थोड्या वेळाने झाकण उचलून उलटं करायचं. आत पाण्याचे थेंब धरले असतील तर माणूस जिथे असेल तिथे ठणठणीत आहे. आपण दोघं ते झाकण आधी कोण बघणार म्हणून भांडायचो. तू गेलास तेव्हापासून आई दर रविवारी तुझं मांडते, कार्टून सुरू व्हायच्या आधी. सार मीच वाढते. त्यात कांद्याची पात मुद्दाम भरपूर घालते. तू इथे नसतोस, तक्रार कोण करणार?

त्या झाकणाची मला कधी काळजी नव्हती. सार उकळतं ओतलं की थेंब धरतातच, त्याला देव लागत नाही. पण रविवारी मी त्या मेल्या यादीकडे बघत चुलीपाशी उभी राहिले आणि कोमट झालेलं सार वाढलं. वेंधळी. आईने झाकण उचललं. बोटाने आतून पुसून बघितलं. कोरडं.

"सार निवलं होतं," मी म्हटलं. "माझी चूक."

"तुझं सार आजवर कधी निवलं नाही," ती म्हणाली.

मग भांडी घासताना तिने शांतपणे सांगितलं. पितरांचे दिवस जवळ आलेत. तेविसाव्या तारखेला, मधल्या दिवशी, तोमोची वाटी या ताटातून काढून देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढे मांडायची. "दोघांचं एकदम होईल, तुलाही त्रास कमी," म्हणाली. मी हातातली थाळी आपटली. ती म्हणाली, "फोडू नकोस, तीही लागेल."

रडत नाहीये ती. रडली असती तर मी चार शब्द सुनावून गप्प केलं असतं. तिने तुझ्या लहानपणीच्या फोटोची काच पुसून ठेवलीये. फोटोवाल्याकडून मोठा करून आण, असं मला सांगितलंय. मी म्हटलं, दुकान बंद आहे. ती म्हणाली, मग उघडेल तेव्हा जा.

मी तिला सांगू शकते की तू जिवंत आहेस. सांगितलंही. तिने विचारलं, "तुला त्याने सांगितलं?"

तुझं ते कार्टून चालो की मरो. पण जिवंत माणसाची वाटी मी मेलेल्यांच्या रांगेत मांडणार नाही आणि तिला नाही म्हणायची माझी ताकद नाही. लवकर लिही.

किनुए


याइझू, १६ सप्टेंबर

तोमो,

तुझं पत्र आलं. चार पानं! दोन शब्द मागितले तर चार पानं, आणि त्यात एकही धड नाही. तुझ्या कार्टूनची सवय लागलीये तुला. मुद्द्यावर यायला तिसरं पान लागलं.

तर झालं असं, मला कळलं ते हे: तू इतकी वर्षं त्या कार्टूनमधल्या लाटा काढत होतास. फक्त लाटा. वसंतात कंपनीने सांगितलं, लाटा आता यंत्र काढणार, तू चेहरे काढ. तुला चेहरे जमेनात. सोडून दिलंस. आधी काढून ठेवलेल्या लाटा ऑगस्टपर्यंत पुरल्या. आता गोदामात खोकी उचलतोस. नाव पुसलं गेल्यावर आईला काय तोंड दाखवायचं म्हणून फोन बदललास. बरोबर?

आयुष्यभर लाटा काढल्या आणि एका माणसाचा चेहरा काढता येत नाही. बाबा ऐकते तर हसले असते. तेही घरी आले की आपल्या दोघांच्या चेहऱ्यांकडे असेच बघायचे, कुठेतरी पाहिल्यासारखे.

इथवर मला राग आला नव्हता. राग शेवटच्या पानावर आला. लिहितोस, "ताई, तूच बरोबर होतीस. सगळा वेळ वाया गेला. माझाही, बघणाऱ्यांचाही. इतकं लांबलचक काही कुणीच बघू नये."

थोबाड फोडीन.

मी म्हणते ती गोष्ट वेगळी. मी बाहेरची. मी धुरात उभी राहून शिव्या घालते आणि तेवढाच माझा त्या कार्टूनशी संबंध. तू तिथे बसून काढलंस. स्वतःच्या हाताने वाळवलेला मासा कुजका म्हणून गिऱ्हाइकापुढे नाक धरणारा माणूस मी धुरीघरात एक दिवस ठेवला नसता. आधी बापाच्या अंत्यविधीला न येण्याएवढं ते मोठं होतं, त्या रविवारचा भाग अडला होता ना तुझ्यावाचून? आणि आता ते फुकट? मग बाबांना तू कशासाठी सोडलंस? निदान ज्याच्यासाठी सोडलंस त्याला तरी मोठं राहू दे.

मला विचारशील तर नाही, एवढा वेळ कशालाच देऊ नये. कार्टूनला नाही, नवऱ्याला नाही, माशाला तर नाहीच. हे मी आजही म्हणेन. पण आईला कुणी विचारलं होतं का? दीड दीड वर्ष एक माणूस समुद्रावर, आणि ही दर दिवशी सार वाढून झाकण उचलणार. त्यात तरी दुसरं काय घडत होतं? गेल्या वेळी काय झालं ते आठवायचं, तो मनात काय म्हणत असेल ते ठरवायचं, आणि पुन्हा तेच. संपता संपत नव्हतं. कुणी येऊन तिला म्हणालं नाही की बाई, हे जरा लांबलंय.

रविवारी मी तिला मुद्दाम विचारलं, "आई, ते पोर चाललंय कुठे?"

"कुठलं पोर?"

"ते काय, पाठीवर घंटा घेतलेलं."

"ती घंटा आहे होय? मला वाटलं, टोपली."

एकवीस वर्षं बघतेय! गोष्ट तिला काडीची माहीत नाही. ती पाणी बघत असते. पाणी आलं की पुढे सरकते, माणसं बोलायला लागली की चहा ओतते. या रविवारी मात्र पाणी आलं तरी चहाच ओतत राहिली. मी म्हटलं, बघ, समुद्र आला. तिने एकदा मान वर केली. "हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे," म्हणाली. निम्मे डोळे गेलेली बाई! मला तर ते आधीपेक्षा जास्त चकचकीत वाटलं होतं.

तेव्हा तुझं काय वाया गेलं आणि काय नाही, ते तू ठरवू नकोस. तुला अक्कल नाही.

आता कामाचं. मी अकरा वर्षांपूर्वी फोनवर म्हणाले होते, ते कार्टून संपेपर्यंत या घराची पायरी चढायची नाही. बोलले ते बोलले, मागे घेत नाही. ते मेलं कधी संपतच नाही हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण असो. तुझ्यापुरतं संपलंय ना? यंत्राने संपवलं, कुणी का संपवेना. मग अट पुरी झाली. या येत्या रविवारी ये, एकवीस तारखेला. तेवीसला ती वाटी उचलणार आहे.

काय तोंड दाखवू वगैरे लिहू नकोस. जे आहे ते आण. तसंही तुला दुसरं काढता येत नाही.

किनुए


याइझू, २९ सप्टेंबर

तोमो,

आलास आणि पळालास. दुपारच्या बसने, डोळे लाल करून, मी डबा भरून दिला तो ओट्यावरच विसरून. डबा मी खाल्ला.

मलाही त्या दिवशी तुझ्याइतकंच लागलं होतं, हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. टक्कल पडलेला, खोकी उचलून वाकलेला माणूस दारात उभा आणि म्हणतो काय, "चुकीच्या वेळी आलो का?" स्वतःच्या घरात! आणि आई आतून मान वर करून म्हणते, "कोण, कुवाबारा-सान ना? या, या."

मला वाटलं तू सांगशील. तू म्हणालास, "हो."

तिथेच मी तुम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटणार होते.

"आमच्या पोराच्या शेजारीच असता ना तुम्ही? कसा आहे?"

"बरा आहे. सध्या... रजेवर आहे."

"दमला असेल. पाण्याचं काम वाईट. याचे वडीलही असेच दमून यायचे." आणि ते ताट तुझ्यापुढे सरकवलं. "त्याच्या वाटचं आहे. पण तुम्ही लांबून आलात, जेवून घ्या. आज झाकण बघायचं काम नाही."

तू जेवलास, टीव्हीवर ते पोर घंटा घेऊन ओरडत होतं, नावं वर सरकत गेली, आणि आईने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, झालं, डोकंही गेलं. डोळ्यांपाठोपाठ तेही गेलं. तूही तेच समजून गेलास ना? गल्लीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभा होतास, मी खिडकीतून बघितलं.

आता तुझ्या पाठीमागे काय झालं ते ऐक.

तू गेल्यावर मी ताट उचलायला गेले तर आईने हात धरला. वाटी उजेडाकडे नेली, तिरकी केली, डोळ्यांजवळ आणली. मग बोट घालून चाचपलं. सार संपलेलं, आणि काठाला पातीचे तुकडे एकाला एक लावून ठेवलेले, लहानपणी ठेवायचास तसे. ती वाटी किती वेळ धरून बसली. मी म्हटलं, "काय बघतेस?" तर म्हणे, "कुवाबाराला शिस्त आहे."

तेवीस तारीख आली. मी भाताचे आणि गोड डाळीचे गोळे केले, बाबांपुढे ठेवले, आणि वाट बघत उभी राहिले की आता वाटीचं काढेल. ती देव्हाऱ्यापुढे बसली. बाबांना म्हणाली, "तुम्हाला एकट्यालाच आहे, हावरटपणा करू नका." फोटोवाल्याकडे पाठवलेला तुझा फोटोही परत आणायला लावला. माझे दोन खेटे फुकट.

आणि काल रविवार. मी टीव्ही लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. ते टोपलीवालं पोर पोचेल तेव्हा पोचेल." एकवीस वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडे रविवारी सकाळी शांतता होती. मलाच चुकल्यासारखं झालं, कारण त्याने गेल्या वेळी हात उगारलेला होता आणि आता तो कुणाला लागला ते मला मिसोराला विचारावं लागणार. ती किती भाव खाईल, तूच विचार कर.

ताट मात्र मांडलं होतं. आई त्यापुढे बसून होती. बसचा आवाज आला की मान वळायची.

शेवटी म्हणाली, "कुवाबारा आज नाही आला?"

मी म्हटलं, "तो कशाला दर रविवारी येईल? तोक्योचा माणूस, त्याला त्याची कामं आहेत."

"बोलाव त्याला. तू पत्रं लिहितेस ना?"

"बरं."

"आणि किनुए, साराला पात घालू नकोस. त्याला लहानपणापासून आवडत नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती झाकण पुसत होती.

तेव्हा येत्या रविवारी ये. कुवाबारा म्हणून ये, नाहीतर त्या मियादेराबाई म्हणून ये, मला काही घेणं नाही, ते तुम्ही मायलेकरं बघून घ्या. नऊच्या आत पोच, सार निवलं तर मी पुन्हा गरम करणार नाही.

आणि पात मी घालणारच आहे. पन्नाशीला आलास, खायला शीक.

किनुए